गोड्या पाण्याची स्की बोट मचूळ पाण्यात वापरताना

डीप क्रीक लेक, लेक अ‍ॅना किंवा स्मिथ माउंटन लेकच्या गोड्या पाण्यात आयुष्य काढलेली एखादी स्की बोट (माणसाला दोराने ओढत पाण्यावर स्कीइंग करवणारी मोटारबोट) चांगल्या भावात मिळते आणि घर असतं अमेरिकेत, मेरीलँड राज्यातल्या अ‍ॅनापोलिसच्या आसपास. डीप क्रीकला जायचं तर गाडीने तीन तासांच्या पुढे. सेव्हर्न किंवा मॅगोथी नदीचा रॅम्प, म्हणजे बोट उतरवायचा उतार, मात्र हाकेच्या अंतरावर. मग बोट चेसापीक उपसागराच्या पाण्यात उतरते, आणि माझ्या मते उतरायलाच हवी. या नद्यांच्या आतल्या फाट्यांमध्ये पहाटे वारा नसताना स्लालमसाठी, म्हणजे एका स्कीवर वळणं घेत जाण्यासाठी, जे पाणी मिळतं, ते उन्हाळ्यातल्या शनिवारी गजबजलेल्या तळ्यावर मिळत नाही.

अडचण एवढीच, की हे पाणी मचूळ आहे आणि बोट बांधलेली आहे गोड्या पाण्यासाठी. नवख्या माणसाला याबाबत दोन टोकांचे सल्ले ऐकायला मिळतात. एक जण म्हणतो, एवढ्याशा मिठाने काय होतंय. दुसरा म्हणतो, इंजिन गेलंच म्हणून समजा. दोघांचंही ऐकू नका. अशी बोट मचूळ पाण्यात वर्षानुवर्षं चांगली चालते. अट अशी, की बोट पाण्याबाहेर आल्यावरचा पहिला तास दर वेळी, न चुकता, बोटीला द्यायचा. खाली लिहिलेलं बरंचसं त्या एका तासाभोवती फिरतं.

पाण्यात मीठ किती आहे, ते आधी बघा

समुद्राच्या एक किलो पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. चेसापीक उपसागर उत्तरेला हॅव्हर डी ग्रेसपाशी, जिथे सस्क्वेहाना नदी येऊन मिळते, तिथे जवळजवळ गोडा असतो. दक्षिणेला केप हेन्रीपाशी अटलांटिकच्या तोंडावर हाच आकडा ३० च्या घरात जातो. अ‍ॅनापोलिसच्या पट्ट्यात तो ऋतूप्रमाणे साधारण ५ ते १५ च्या दरम्यान हलतो. वसंतात बर्फ वितळून आणि पाऊस पडून नद्या भरून येतात तेव्हा कमी, कोरड्या शरदात जास्त. कोकणात खाडीकाठी वाढलेल्यांना हा हिशेब परका नाही. पावसाळ्यात वाशिष्ठीचं किंवा कर्लीचं पाणी गोडं होतं आणि मे महिन्यात खारेपणा पार आतपर्यंत शिरतो, तसंच हे. फक्त महिने वेगळे.

मेरीलँडच्या नैसर्गिक साधनसंपत्ती खात्याच्या ‘आईज ऑन द बे’ या संकेतस्थळावर ठिकठिकाणच्या पाण्याचा खारेपणा बघता येतो. निघण्याआधी तो बघायची सवय लावून घ्या. पाणी स्वतःही खुणा देतं. जुलै-ऑगस्टमध्ये सी नेटल नावाच्या पांढुरक्या, डंख मारणाऱ्या जेलीफिश दिसायला लागल्या, की पाणी बऱ्यापैकी खारं झालंय असं धरा. त्यांना १० ते १६ च्या दरम्यानचा खारेपणा मानवतो. धक्क्याच्या खांबांवर बार्नेकल या चिकटून राहणाऱ्या कवचधारी जीवांचे पांढरे खडबडीत थर असतील, तर तिथलं पाणी वर्षातला बराच काळ खारं असतं.

‘समुद्राच्या तिसरा हिस्सा मीठ, म्हणजे तिसरा हिस्सा गंज’ हा हिशेब मात्र मनातून काढून टाका. गंजण्याची क्रिया विजेच्या वहनावर चालते. तळ्याच्या गोड्या पाण्याच्या तुलनेत किलोमागे १० ग्रॅम क्षार असलेलं पाणी शंभरपटीच्या घरात जास्त वीज वाहून नेतं. तळ्याच्या बोटीला मोठा धक्का बसतो तो गोड्यातून मचूळात येताना. मचूळातून समुद्रात जाणं ही त्यामानाने लहान उडी आहे.

इंजिन थंड कसं होतं?

बोट विकत घेण्याआधीच विचारायचा प्रश्न हा. बहुतेक जुन्या स्की बोटींत मधोमध किंवा मागे बसवलेलं व्ही-८ इंजिन असतं. कित्येकदा ते जनरल मोटर्सचं ५.७ लिटरचं, मोटारगाडीच्याच घराण्यातलं, बोटीसाठी बदल करून घेतलेलं असतं. ते थंड करण्यासाठी तळातल्या छिद्रातून बाहेरचं पाणी थेट आत ओढलं जातं. गिअरबॉक्सच्या ऑइल कूलरमधून आणि रबरी इम्पेलरच्या (पात्यांच्या चाकाच्या) पंपातून ते बिडाच्या ब्लॉकमध्ये, म्हणजे इंजिनाच्या मुख्य धडात, फिरतं, तिथून धूर बाहेर नेणाऱ्या बिडाच्या भागांत, म्हणजे एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आणि रायझरमध्ये, जातं आणि धुराबरोबर मागून बाहेर पडतं. म्हणजे नदीचं पाणी इंजिनाच्या आतड्यांतून फिरतं. तळ्यावर याने काही बिघडत नाही. मचूळ पाण्यात बिघडतं, आणि सगळ्यात जास्त बिघडतं ते इंजिन बंद केल्यावर.

चालू इंजिनात पाणी भरलेलं आणि वाहतं असतं. बंद केलं की मॅनिफोल्ड आणि रायझरमधलं पाणी अर्धवट उतरतं. आत उरतं गरम, ओलं, मिठाचा लेप बसलेलं बीड आणि भरपूर हवा. धुऊन ओला ठेवलेला लोखंडी तवा सकाळी कसा लालसर होतो ते सगळ्यांनी पाहिलंय. इथे त्यात मीठ आणि उष्णतेची भर पडते. इंजिन आठवडाभर असंच राहिलं, तर पाण्यावर घालवलेल्या दोन तासांपेक्षा त्या आठवड्यात नुकसान जास्त होतं.

दुसरा प्रकार बंद कूलिंगचा. यात ब्लॉकमध्ये मोटारीसारखा कूलंट फिरतो आणि बाहेरचं पाणी फक्त त्या कूलंटची उष्णता काढून घेणाऱ्या हीट एक्स्चेंजरमधून जातं. बंद कूलिंगचेही दोन प्रकार असतात. एकात फक्त ब्लॉक सुरक्षित राहतो, दुसऱ्यात मॅनिफोल्डसुद्धा. विक्रेता ‘क्लोज्ड कूलिंग आहे’ म्हणाला, की नेमकं काय काय त्यात येतं ते विचारा. स्वतः ओळखायचं असेल तर इंजिनावर कूलंटची टाकी आणि दाबाचं झाकण शोधा. ते नसेल तर बाहेरचंच पाणी आत फिरतंय.

आता निर्णय. वर्षातून मोजक्याच वेळा मचूळ पाण्यात जाणार असाल, तर आहे ते इंजिन नीट धुऊन वापरा, बाकी काही नको. दर आठवड्याला जाणार असाल आणि बोट चांगल्या अवस्थेत असेल, तर बंद कूलिंगचं किट बसवण्याचा विचार जरूर करा. पण ते बोट खाऱ्या पाण्यात उतरण्याआधी. एकदा ब्लॉकच्या आत मिठाचे आणि गंजाचे पापुद्रे धरले, की वरून बसवलेल्या किटमध्ये तेच सुटून हीट एक्स्चेंजर तुंबवतात. जुन्या, आधीच खारं पाणी प्यायलेल्या इंजिनावर हा खर्च म्हणजे नाकापेक्षा मोती जड. आणि बोट पूर्ण हंगाम मचूळ पाण्यात तरंगत ठेवायची असेल, तर माझं स्पष्ट मत आहे की तळ्याची स्की बोट त्यासाठी घेऊ नका. तिच्या तळाला अँटिफाउलिंग, म्हणजे शेवाळ-शिंपले चिकटू न देणारा, रंग नसतो. थोड्याच आठवड्यांत त्यावर शेवाळ आणि बार्नेकल चढतात आणि सतत पाण्यात राहून जेलकोटला, म्हणजे बोटीच्या बाहेरच्या गुळगुळीत थराला, फोड येऊ शकतात. ट्रेलर किंवा बोट पाण्याबाहेर उचलून ठेवणारी बोटलिफ्ट असेल तरच पुढे वाचा.

उतरवण्याआधी करायची कामं

पहिलं काम थर्मोस्टॅटचं, म्हणजे ठरावीक तापमानाला उघडणाऱ्या झडपेचं. बाहेरचं पाणी थेट वापरणाऱ्या इंजिनांत तळ्यासाठी बरेचदा १६० अंश फॅरनहाइटचा, म्हणजे ७१ सेल्सियसचा थर्मोस्टॅट असतो. खाऱ्या पाण्यासाठी १४० फॅरनहाइटच्या, म्हणजे ६० सेल्सियसच्या आसपासचा वापरतात, कारण पाणी जितकं तापतं तितके क्षार लवकर साका धरतात. तुमच्या इंजिनाच्या पुस्तिकेत काय लिहिलंय ते बघा. फ्युएल इंजेक्शनच्या इंजिनात संगणक ठरावीक तापमानाची अपेक्षा करतो, तिथे मनाने बदल करू नका.

दुसरं, फ्लशिंगची, म्हणजे इंजिन आतून गोड्या पाण्याने धुण्याची, जोडणी. इंजिनात पाणी आणणाऱ्या नळीत, तळातलं छिद्र आणि ऑइल कूलर यांच्या मधे एक टी-जोड बसवून घ्या. त्याला बागेची नळी लावता येते. हे सुटं साहित्य स्वस्त असतं आणि तासाभरात बसतं. पर्याय म्हणजे बाहेरून तळाच्या छिद्रावर दाबून बसवायचा रबरी पेला. तोही चालतो, पण दर वेळी बोटीखाली सरपटत जावं लागतं आणि दमल्यावर माणूस नेमका तेच टाळतो. म्हणून टी-जोड बरा.

तिसरं काम वेळखाऊ आहे आणि बहुतेक लोक ते करत नाहीत: टॉवरचे आणि पायलॉनचे (दोर बांधायच्या उभ्या खांबाचे) बोल्ट. दोर बांधायचा टॉवर ॲल्युमिनियमचा असतो आणि त्यात घुसलेले बोल्ट स्टेनलेस स्टीलचे. दोन वेगळे धातू, मधे खारट ओल, म्हणजे बॅटरीच तयार झाली आणि त्यात झिजणार ॲल्युमिनियम. एखाद्या बोल्टच्या डोक्याभोवती बारकाईने बघा. आधी पावडर कोटिंगला नखाएवढा फुगवटा येतो. तो नखाने टोकरला की खालून पांढरी, पिठासारखी भुकटी पडते. काही वर्षांनी तोच बोल्ट पान्याला दाद देत नाही आणि जोर लावला की तुटतो. बोट अजून खारं पाणी प्यायलेली नसताना एकेक बोल्ट काढा, आटे पुसून कोरडे करा, टेफ-जेलसारखी रोधक पेस्ट लावा आणि परत बसवा. दिव्यांचे स्क्रू, आरशाचा दांडा, ॲल्युमिनियममध्ये गेलेलं जे जे स्टेनलेस असेल त्या सगळ्याला हेच.

विजेच्या जोडण्यांकडेही याच वेळी बघा. स्टार्टर इंजिनाच्या तळाशी, बिल्जच्या, म्हणजे बोटीच्या तळाशी साचणाऱ्या, पाण्याजवळ असतो. सगळ्या उघड्या टर्मिनलवर गंजरोधक स्प्रे मारा. सीआरसी ६-५६, बोशील्ड टी-९ किंवा फ्लुइड फिल्म यांपैकी कुठलाही चालेल. बेल्टवर उडू देऊ नका आणि वास पूर्ण जाईपर्यंत इंजिन सुरू करू नका, कारण हे स्प्रे पेट घेतात. नवी वायर टाकायची असेल तर कथिलाचा मुलामा दिलेली मरीन वायरच घ्या. साधी तांब्याची वायर प्लास्टिकच्या आतून काळी पडत जाते आणि बाहेरून कळतही नाही. स्टार्टर किंवा अल्टरनेटर गंजून गेला तर मोटारीच्या दुकानातला स्वस्त भाग आणून बसवू नका. बोटीचे हे भाग ठिणगी बाहेर पडू नये अशा बांधणीचे असतात. पेट्रोलची वाफ साचलेल्या इंजिनखान्यात साध्या भागाची एक ठिणगी जिवावर बेतू शकते.

अ‍ॅनोडबद्दल नवखे लोक सगळ्यात जास्त विचारतात, पण ट्रेलरवर राहणाऱ्या बोटीसाठी तो मुद्दा तसा लहान आहे. अ‍ॅनोड म्हणजे आधी स्वतः झिजून बाकीच्या धातूंना वाचवणारा तुकडा. तो पाण्यात बुडालेला असतानाच काम करतो. इंजिनाच्या आतल्या बिडाला तो वाचवत नाही आणि अंगणात उभ्या बोटीला तर मुळीच नाही. बोट एखादा आठवडा धक्क्याला बांधून ठेवणार असाल तर प्रॉपेलरचा पंखा फिरवणाऱ्या शाफ्टवर कॉलर अ‍ॅनोड लावा, आणि तो ॲल्युमिनियमचा. जस्तावर कमी खाऱ्या पाण्यात ऑक्साइडचा थर धरतो आणि ते निकामी होतं. मॅग्नेशियम गोड्या पाण्यासाठी असतं, मचूळ पाण्यात ते भराभर संपतं. कॉलर आणि स्ट्रट (शाफ्टला आधार देणारा दांडा) यांच्यात फट ठेवा, नाहीतर शाफ्टच्या रबरी बेअरिंगला पाणी मिळत नाही. अ‍ॅनोडवर रंग मारू नका आणि निम्मा झिजला की बदला.

रॅम्पवर

घरून रॅम्पपर्यंत आल्यावर ट्रेलरच्या चाकांचे हब गरम असतात. तसेच पाण्यात बुडवले तर ते गार होताना आत खारं पाणी ओढून घेतात आणि बेअरिंगचं ग्रीस बिघडतं. म्हणून दोर, लाइफ जॅकेट, प्लग ही सगळी तयारी आधी करा. तेवढ्या वेळात हब निवतात. ट्रेलर गरजेपेक्षा खोल नेऊ नका.

बाहेर येताना बिल्जचा प्लग रॅम्पवरच काढा. शाफ्टच्या सीलमधून थोडं पाणी आत झिरपतंच, आणि ते आता मचूळ आहे. बॅलास्टच्या (वजन वाढवायला पाणी भरायच्या) टाक्या असतील तर त्या तिथेच पूर्ण रिकाम्या करा. पुढच्या वेळी हीच बोट परत तळ्यावर न्यायची असेल तर खाडीतलं पाणी, गवत, शिंपले सोबत जाता कामा नयेत. बोटीसाठी नाही, तर तळ्यासाठी.

पहिला तास: इंजिन आतून धुणं

घरी पोचल्यावर आधी जेवण, मग बोट असं करू नका. इंजिन अजून कोमट असतं, क्षार अजून ओले असतात. आत्ता जे नुसत्या पाण्याने निघतं ते उद्या वाळून चिकटलेलं असेल.

१. बोट मोकळ्या जागेत उभी करा. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालवू नका, एक्झॉस्टमधल्या कार्बन मोनॉक्साइडने माणसं मरतात. इंजिनखान्याचं झाकण उघडा आणि ब्लोअर (आतली वाफ बाहेर काढणारं यंत्र) चार मिनिटं चालवा.

२. गिअर न्यूट्रलमध्ये आहे याची खात्री करा आणि फ्लशिंग संपेपर्यंत तो तिथेच राहू द्या. पाण्याबाहेर शाफ्ट फिरला तर त्याचं रबरी बेअरिंग कोरडं घासतं. प्रॉपेलरच्या पंख्याजवळ मुलं असतील तर लांब करा.

३. बागेची नळी टी-जोडाला लावा, नळ सोडा आणि लगेच इंजिन सुरू करा. इंजिन बंद असताना पाणी सोडून ठेवू नका, ते एक्झॉस्टमधून उलटं सिलिंडरपर्यंत पोचू शकतं. आणि पाण्याशिवाय इंजिन सुरू करू नका, पंपाचा रबरी इम्पेलर बघता बघता जळतो.

४. दोन ठिकाणी नजर ठेवा. मागे एक्झॉस्टमधून पाणी पडलं पाहिजे. आणि बोटीखाली, तळाच्या छिद्रातून थोडं पाणी गळत राहिलं पाहिजे. ते गळतंय म्हणजे पंपाला हवं त्यापेक्षा जास्त पाणी मिळतंय. गळती थांबली तर पंप छिद्रातून हवा ओढतोय असं समजा आणि नळ वाढवा.

५. आता थांबा, आणि इंजिन आयडलवरच ठेवा. बहुतेकांचं फ्लशिंग इथे फसतं. पाच मिनिटांत मागून स्वच्छ पाणी येतं, माणसाला वाटतं झालं, आणि तो इंजिन बंद करतो. पण थर्मोस्टॅट बंद असताना नळाचं बरंचसं पाणी ब्लॉकला वळसा घालून थेट मॅनिफोल्डमधून निघून जातं. ब्लॉकच्या आत जुनं मचूळ पाणीच फिरत असतं. तापमानाचा काटा नेहमीच्या जागी येऊ द्या, थर्मोस्टॅट उघडू द्या, आणि त्यानंतर आणखी दहा मिनिटं इंजिन चालवा. काटा नेहमीच्या वर सरकला तर मात्र लगेच बंद करा.

६. बोटीत हीटर असेल तर त्याचा व्हॉल्व्ह या वेळात उघडा ठेवा. त्याच्या कॉइलमध्येही नदीचंच पाणी साचलेलं असतं आणि ते हमखास विसरलं जातं.

७. सॉल्ट-अवेसारखं मीठ सोडवणारं द्रव वापरणार असाल तर ते शेवटी, बाटलीवरच्या सूचनेप्रमाणे. ते चांगलं असतं, पण दहा मिनिटांच्या साध्या पाण्याची जागा घेत नाही.

८. आधी इंजिन बंद, मग नळ बंद. हा क्रम उलटा करू नका.

बंद कूलिंग असलं तरी हे सगळं करायचंच. हीट एक्स्चेंजर, ऑइल कूलर आणि पुष्कळदा मॅनिफोल्ड यांतून मचूळ पाणी गेलेलंच असतं. फक्त तिथे थर्मोस्टॅटची वाट बघायची गरज नसते. हीट एक्स्चेंजरला पेन्सिलएवढा अ‍ॅनोड असेल तर तो वेळोवेळी काढून बघा.

ट्रेलर

मचूळ पाण्यात बोटीआधी ट्रेलर मरतो, हे ध्यानात ठेवा. तळ्यावरच्या स्की बोटींचे ट्रेलर बहुधा रंगवलेल्या स्टीलचे असतात, बोटीच्या रंगाला जुळणारे, दिसायला देखणे. त्यातल्या चौकोनी पोकळ नळ्या आतून रंगवलेल्या नसतात. दर वेळी बुडवल्यावर पाणी आत शिरतं, तिथेच राहतं आणि नळी आतून पातळ होत जाते. बाहेरचा रंग चकचकीत असताना नळीला आतून भोक पडलेलं असू शकतं. ट्रेलरच्या खालच्या कोपऱ्यांवर पान्याने हलकेच ठोकत जा. आवाज खणखणीत आला तर ठीक, बद्द आला किंवा पापुद्रे पडले तर वेल्डरकडे न्या, दुखणं अंगावर काढू नका.

धुताना नळी त्या पोकळ भागांच्या तोंडात घालून आतून पाणी सोडा, खालून स्वच्छ पाणी येईपर्यंत. पाट्यांच्या स्प्रिंगा, ब्रेकचे ड्रम किंवा डिस्क, विंच, हिच, दिव्यांचे जोड, सगळ्यावर पाणी मारा. ड्रम ब्रेक असतील तर आत पाणी सोडायचं फ्लशिंग किट बसवून घ्या. नाहीतर आतल्या स्प्रिंगा आणि बूट गंजून ब्रेक जाम होतात, आणि ते कळतं महामार्गावर. दर आठवड्याला मचूळ पाण्यात जाणार असाल तर गॅल्व्हनाइज्ड किंवा ॲल्युमिनियमच्या ट्रेलरसाठी पैसे बाजूला ठेवायला लागा. इंजिनाच्या किटपेक्षाही मी हा खर्च आधी करेन.

बाकीची धुलाई

बोट बाहेरून भरपूर पाण्याने, दाब न देता धुवा. दाबाच्या फवाऱ्याने मीठ फटींत आणि बेअरिंगच्या सीलआड ढकललं जातं. सीटच्या बिजागऱ्या, कव्हरची बटणं, टॉवरचे जोड यांवर हात फिरवत धुवा. बिल्जमध्ये बादलीभर गोडं पाणी ओतून प्लगमधून जाऊ द्या. गालिचाही धुवा, कारण मीठ हवेतला ओलावा ओढतं आणि खारट गालिचा कधी पुरता वाळत नाही. बॅलास्टच्या टाक्यांत नळाचं पाणी भरून पंप चालवून रिकाम्या करा.

सगळं वाळल्याशिवाय कव्हर घालू नका. ओल्या बोटीवर घट्ट कव्हर म्हणजे उन्हात आत वाफ आणि रात्री पुन्हा दव. रात्रभर उघडी ठेवणं शक्य नसेल तर कव्हरची एक बाजू वर उचलून हवा खेळती राहील असं करा.

महिन्यातून एकदा आणि हंगामाअखेर

ब्लॉकच्या दोन्ही बाजूंना खाली पितळी ड्रेन प्लग असतात. काही इंजिनांत त्या जागी नॉक सेन्सर असतो, तो काढताना वायर आणि आटे सांभाळा. महिन्यातून एकदा गार इंजिनाचा एक प्लग काढा आणि बघा. स्वच्छ पाण्याची धार लागली तर तुमचं फ्लशिंग आतपर्यंत पोचतंय. काहीच आलं नाही, तर ब्लॉक रिकामा आहे असं समजू नका. एक तार छिद्रात घालून हलवा. तांबूस चिखलाचा, पापुद्र्यांचा बोळा सुटतो आणि मग भस्सकन पाणी येतं. त्या पापुद्र्यांचा जाड थर चिमटीत धरण्याइतका असेल, तर फ्लशिंगचा वेळ वाढवा आणि इंजिनाचा मेकॅनिक गाठा.

मॅनिफोल्ड आणि रायझर यांच्या जोडावर बाहेरून गंजाचा ओघळ दिसतो का, ते बघत चला. इथलं गॅस्केट किंवा आतली भिंत गेली की पाणी सिलिंडरमध्ये उतरतं. पाणी दाबलं जात नाही. इंजिन सुरू करायला गेल्यावर ते एकदम अडकतं आणि कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. चावी फिरवल्यावर इंजिन ठक्क करून थांबलं, तर पुन्हा पुन्हा चावी मारू नका. आधी स्पार्क प्लग काढून पाणी आहे का बघा. मचूळ पाण्यात नियमित जाणाऱ्या बोटीचे रायझर मी दर दुसऱ्या वर्षी काढून आतून बघायला सांगेन. मॅनिफोल्ड आणि रायझर हे टायरसारखे झिजून बदलायचेच भाग आहेत. ते वेळेवर बदलले तर इंजिन वाचतं.

इम्पेलर दर वर्षी बदला. पाती शाबूत दिसत असली तरी बदला आणि जुना बोटीत राखीव ठेवा.

मेरीलँडचा हिवाळा वेगळं संकट आणतो, कारण ब्लॉकमध्ये राहिलेलं पाणी गोठून बीड फोडतं. हंगामाचं शेवटचं फ्लशिंग सगळ्यात लांब करा. मग ब्लॉक, मॅनिफोल्ड, ऑइल कूलर, पंप आणि हीटर यांतलं सगळं पाणी काढा. त्यानंतर इंजिनात गुलाबी रंगाचं, प्रॉपिलिन ग्लायकोलचं अँटिफ्रीझ भरा. आधी पाणी न काढता भरलं तर ते पातळ होतं आणि थंडीत टिकत नाही. मोटारीतलं इथिलिन ग्लायकोल इथे वापरू नका. ते विषारी आहे आणि वसंतात पहिल्यांदा इंजिन सुरू कराल तेव्हा थेट नदीत जाईल. काही जण पाणी काढून ब्लॉक रिकामा ठेवतात. गोड्या पाण्याच्या बोटीला ते चालून जातं. मचूळ पाणी पाहिलेल्या ब्लॉकसाठी मी भरून ठेवणंच पसंत करतो. गंजरोधक घातलेल्या द्रवात बुडालेलं बीड चार महिने दमट हवेत उघडं राहण्यापेक्षा केव्हाही बरं.

कोकणात पुढेमागे कुणी तापोळ्याच्या किंवा मुळशीच्या बॅकवॉटरमधली स्पीडबोट खाडीत आणणार असेल, तर तिथे बहुधा आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे बाहेर टांगलेलं, इंजिन असतं आणि काम सोपं होतं. बहुतेक आउटबोर्डना फ्लशिंगची सोय कारखान्यातूनच मिळते आणि पायावरचा अ‍ॅनोडही बसवलेला असतो. तरी थर्मोस्टॅट उघडेपर्यंत थांबणं, अ‍ॅनोड बघत राहणं आणि ट्रेलर आतून धुणं हे तिथेही चुकत नाही.

शेवटी कागदाचं काम. एक छोटी वही बोटीच्या कप्प्यात ठेवा. तारीख, ठिकाण, त्या दिवशीचा खारेपणा, फ्लशिंग केलं का, ड्रेन प्लगमधून काय आलं, एवढं लिहा. रायझर काढाल तेव्हा आतल्या भिंतीचा फोटो काढून ठेवा. ‘फक्त गोड्या पाण्यात वापरलेली’ बोट जास्त भावाला जाते हे खरं आहे, आणि तुमची बोट आता त्या यादीत बसत नाही हेही खरं आहे. विकताना ते आधीच सांगा आणि वही व फोटो समोर ठेवा. जाणता गिऱ्हाईक आधी रायझरचे फोटो मागेल.